आजोबांनी काय करावे?

तीर्थरूप दादास,

माझे गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. उरलेला तू मनातल्या मनात पूर्ण करून घ्यावास. वहिनींनाही तसाच, अर्धा पाठीचा आणि अर्धा मनाचा. तुझा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलंस की खोकला गेला, आणि त्याच पत्रात दोनदा लिहिता लिहिता पेन घसरल्याच्या रेघा होत्या. मी त्या रेघांवर जास्त विश्वास ठेवतो. गरम पाणी पीत जा आणि सूनबाईंचं ऐकत जा. आमच्याकडे सगळं ठीक आहे. (मागच्या पत्रातही मी असंच लिहिलं होतं, पण तेव्हा ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं होतं. या वेळी खरंच ठीक आहे. इतकं ठीक की काल मी दुपारी जेवून उठल्यावर कारण नसताना हसलो, आणि तुझ्या भावजयीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.)

तर दादा, निवडणूक झाली. सुटलो! लहानपणी परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर वारा कसा वेगळाच लागायचा, आठवतं? दप्तर तेच, रस्ता तोच, पण पाय आपोआप उड्या मारायचे. आता उड्या राहिल्या नाहीत, पण परवापासून जिन्याची शेवटची पायरी मी जरा झोकात उतरतो.

तुला वाटेल, एका वॉर्डाच्या निवडणुकीत याचं काय एवढं अडलं होतं. ऐक. आमच्या वॉर्डात उमेदवार दोनच होते. एक आपले व्याही, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, ज्यांचं खिळे, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्यांचं दुकान आहे. निशाणी छत्री. दुसऱ्या आमच्या गल्लीतल्या नर्सबाई. निशाणी किटली. व्याही हा माणूस वाईट नाही. बोलतो मात्र असा, की समोरचा प्रत्येक जण गंजलेला नळ आहे आणि हा त्याला पिळून घट्ट करतोय. (शाळा वेगळी. त्यांच्याकडे कविता पाठ करून घेत नसत. मी कोणावर आरोप करत नाही, पण फरक पडतो.) आणि नर्सबाई म्हणजे, दोन वर्षांपूर्वी तुझ्या भावजयीच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज सकाळी कामावर जाण्याआधी येऊन जखम धुऊन पट्टी बदलून जाणाऱ्या. शिवाय पट्टी बदलून झाल्यावर त्या पाच मिनिटं ओसरीवर टेकत आणि मी म्हणून दाखवलेली कविता जांभई न देता ऐकत. दादा, या वयात जांभई न देता ऐकणारं माणूस मिळणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. तू स्वतः फोनवर जांभई देतोस.

आता तू म्हणशील, मग द्यायचं मत नर्सबाईंना आणि व्हायचं मोकळं. इथेच तर पाचर होती. लेकीला शिवणाचा वर्ग काढायचाय. तिच्या सासरी माडीवर रस्त्याच्या बाजूची एक खोली आहे, भरपूर उजेडाची, दोन मशीनं आणि कापायचं टेबल आरामात बसेल अशी. वर्षभर ती ती खोली मागतेय. व्याही दर वेळी म्हणायचे, "बघू की, निवडणूक होऊ दे एकदा." आणि त्या खोलीत त्यांनी प्रचाराचं सामान भरून ठेवलं होतं. कापडी छत्र्या, कागदी छत्र्या, छत्र्या छापलेली निशाणं, आणि एक प्रचंड मोठी छत्री, जी दारातून आत गेली कशी हे अजून कोणाला कळलेलं नाही. लेक माझ्यापाशी एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणालाही द्या मत, माझं काही म्हणणं नाही. फक्त आपल्या घरातून त्यांना दगा झाला असं नको व्हायला. मग ती खोली मला या जन्मी मिळत नाही." एवढंच म्हणाली, आणि माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावायला घेतलं. मुलींनी बापाचं बटण लावताना असं काही बोलू नये. बापाला हलताही येत नाही.

इकडे घरात हुकूम निघाला होता किटलीचा. तुझी भावजय पोटावर हात ठेवून म्हणाली, "अहो, ही जखम कोणी भरून आणली? छत्रीने?" आयुष्यात मी कधी मोठा निर्णय स्वतः घेतलेला नाही. भाजी कोणती, पडद्याचा रंग कोणता, मत कोणाला, सगळं तिच्याकडे. माझ्याकडे खातं एकच, कवितांचं. तेही हवेशीर राहावं म्हणून तिने ओसरीवर ठेवलेलं.

आणि यात भर म्हणजे माझे कान. खोटं बोललो की माझे कान लाल होतात, हे तुला कोणी सांगायला नको. मास्तरांच्या टेबलावरचा रंगीत खडू तू उचललास आणि "कोणी घेतला?" म्हटल्यावर मी "ठाऊक नाही" म्हणालो, तेव्हा माझे कान बघून मास्तर सरळ तुझ्या दप्तराकडे गेले होते. ते कान वयाने पिकले, लोंबले, पण प्रामाणिकपणा त्यांनी सोडलेला नाही. म्हणजे व्याह्यांना छत्री सांगू की हिला किटली सांगू, एका घरी तरी कान मला धरून देणार. मी तरीही दोन्हीकडे मान हलवत राहिलो. व्याही म्हणाले, "तुमचं मत आपलंच ना?" मी मान हलवली. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, लक्ष असू द्या." मी मान हलवली. (मानेने बोललेलं कानांना कळत नाही, हा माझा शोध. पण मान किती दिवस पुरणार?)

मतदानाच्या दिवशी सकाळी गार वारा सुटला होता. माझा डावा कान आदल्या दिवसापासून ठणकत होता, म्हणून हिने स्वतःच्या हाताने माझ्या डोक्याला मफलर बांधला. दोन्ही कान आत. हनुवटीखाली गाठ. आरशात पाहिलं तर दातदुखीच्या औषधाची जाहिरात वाटत होतो. ही आपल्या मैत्रिणींबरोबर आधीच मत देऊन आली होती. दारातून निघताना मला म्हणाली, "रस्ताभर किटली, किटली म्हणत जा, नाहीतर जाल कुठल्या तरी तंद्रीत." मी खरोखर किटली किटली म्हणत निघालो. वाटेत भेटलेल्या माणसाने, बिचाऱ्याने, मला चहा हवा असेल असं समजून टपरीचा रस्ता दाखवला.

आता दादा, मतदान कुठे होतं ते ऐक, आणि बसून ऐक. आपल्या शाळेत. शाळेत म्हणजे नुसतं शाळेत नाही, तुझी-माझी इयत्ता एकत्र बसायची त्या आपल्या वर्गात! खिडक्या त्याच, उंच आणि हिरव्या. बाक भिंतीला लावून एकावर एक चढवलेले. फळा आहे, फक्त त्यावर आता मतदाराने काय करावं आणि काय करू नये याचा कागद चिकटवला होता. आणि मास्तरांची खुर्ची जिथे असायची, तंतोतंत तिथे, मतदान अधिकारी बसला होता. तरुण माणूस, केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर पहाटेपासून जागरण. मी उंबरा ओलांडला आणि किटली गेली. कुठे गेली कोण जाणे. डोक्यात नुसता खडूचा वास. समोर भिंतीच्या कडेने आपली रांग उभी, आणि मास्तर हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत पहिली ओळ म्हणतायत.

तुला आठवतं ना, मास्तरांची पद्धत? कविता कधी एकाने पूर्ण म्हणायची नाही. पहिली ओळ ते स्वतः म्हणणार. मग भिंतीकडेच्या रांगेतला पहिला दुसरी ओळ म्हणणार, त्याच्या मागचा तिसरी, आणि अशी ओळ हातातून हातात जाणार. ज्याची ओळ त्याची. दुसऱ्याची ओळ म्हटली, कानात पुरवली, नुसते ओठ हलवले, तरी बाकावर उभं राहायचं. "ओळ अडली तर अडू दे, पण चोरू नका," असं म्हणायचे. आणि महिन्याच्या शेवटी नेहमी त्यांनी स्वतः केलेली ती छत्रीची कविता.

मी रांगेत उभा होतो. शपथ घेऊन सांगतो, मला काही सुरू करायचं नव्हतं. हातांची घडी कधी पडली तेही कळलं नाही. खिडकीबाहेर बघितलं आणि तोंडातून मास्तरांची ओळ बाहेर पडली. मोठ्याने. मफलर कानांवर असला की आपला आवाज किती आहे हे आपल्याला कळत नाही.

"आजोबांची काळी छत्री..."

आणि दादा, माझ्या मागून, क्षणाचाही वेळ न जाता, निवृत्त टपालवाला म्हणाला, "सोबत करिते दिवसा-रात्री!" मी मागे वळून पाहिलं. तो स्वतःच दचकला होता. त्याची ओळ होती ना ती! साठाच्या वर वर्षं पोटात ठेवलेली, योग्य पत्ता दिसताच टाकून मोकळा झाला. त्याच्यामागे सायकल दुरुस्तीवाला. तो आता बहिरा आहे, पण टपालवाल्याचे ओठ थांबलेले त्याने बाजूने वाकून पाहिले आणि खर्जात म्हणाला, "ऊन असो वा असोत धारा." मग मध्ये एक खोकला, आणि मग, अरे, दोन वेण्या! तीच, जिच्या वेण्या तू बाकाला बांधून ठेवल्या होत्यास. आता केस पांढरे, एकच छोटासा अंबाडा, हातात काठी, पण आवाज तसाच चिमटा काढल्यासारखा: "तिच्याच खाली मिळे निवारा!" तिच्यामागे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा आपला चष्मेवाला, "एके दिवशी आले वादळ."

पुढची ओळ गोटीची. गोटी गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. मला वाटलं, इथे अडणार. अडू दे, मास्तरांचा नियमच आहे. इतक्यात दाराजवळून एक बाई म्हणाली, "छत्री उलटी, उडली खळबळ." गोटीची मुलगी. नंतर विचारलं तर म्हणाली, "बाबा दाढी करताना रोज एवढीच ओळ म्हणायचे. पुढे काय, मागे काय, आम्हाला कधी कळलंच नाही. आज कळलं." (दादा, इथे मी चष्मा पुसायला थांबलो होतो. पत्रावर डाग दिसेल, तो चहाचा समज.)

त्यानंतरची ओळ माझी. तेवढ्यात रांग पुढे सरकून मी टेबलाशी पोचलो होतो. यादीत नाव सापडलं होतं, बोटाला शाई लागली होती, आणि अधिकाऱ्याने घडी केलेली मतपत्रिका माझ्या हातात ठेवली. मी ती हातात घेतली, त्याच्याकडे बघितलं आणि माझी ओळ म्हणालो:

"आजोबांनी काय करावे?"

तो बिचारा पहाटेपासून हाच प्रश्न ऐकत होता. मान वर न करता म्हणाला, "शिक्का मारा, पुढे सरावे."

सगळा वर्ग हसला. सायकलवाला ऐकू न येताही हसला. अधिकारी गोंधळून वर बघायला लागला, कारण आपण यमक जुळवलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोन वेण्या मागून ओरडली, "ही ओळ नाही हं! ही खरी ओळ नाही!" आणि मग सगळे थांबले. खरी ओळ यायची वाट बघत. रांगेत माझ्यामागे तू असायचास, दादा. शेवटची ओळ तुझी. सगळे माझ्या मागच्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

या शांततेत नर्सबाईंची एजंट उठली. "साहेब, मतदान केंद्रात प्रचार चाललाय! हे उघड उघड छत्रीची जाहिरात करतायत. सोबत करिते काय, मिळे निवारा काय! आणि सुरुवात कोणी केली? छत्रीच्या व्याह्यांनी!" तिचं म्हणणं पूर्ण होतंय तोवर व्याह्यांचा एजंट उठला. (त्यांच्याच दुकानात तोट्या मोजतो तो.) "जाहिरात कसली, बदनामी आहे ही! छत्री उलटी झाली म्हणतायत भर केंद्रात! वादळात टिकत नाही म्हणजे काय, आमचा माल खराब?" दोघांचाही आवाज चढला. अधिकाऱ्याने केसांतून हात फिरवला, आणि केस पहाटेपासून पहिल्यांदा विसकटले. त्याने फळ्यावरचा नियमांचा कागद पुन्हा वाचला. त्यात कवितेबद्दल काही नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "थांबा. कविता पूर्ण कुठे झालीय? शेवटी आजोबा छत्री ठेवून घेतात की फेकून देतात, त्यावर ठरेल ना ही बाजूने आहे की विरोधात!" न्यायाधीशाला शोभेल असं बोलला. मग ज्याला त्याला विचारत सुटला, शेवटची ओळ काय? टपालवाला म्हणाला, "छातीशी ती घट्ट धरावे, असं काहीतरी." चष्मेवाला म्हणाला, "छे, 'छत्रीला त्या दूर करावे,' मला नक्की आठवतंय." सायकलवाला म्हणाला, "दोन्ही चाकांत हवा भरावी." (त्याने प्रश्न काय ऐकला देव जाणे.) ज्याची त्याची ओळ वेगळी, आणि प्रत्येकाची शपथ तितकीच पक्की. अधिकारी माझ्याकडे वळला. "आजोबा, सुरुवात तुम्ही केली. तुम्हाला येते का शेवटची ओळ?"

मी मान हलवली. आडवी.

"मग आक्षेप दोन्ही बाजूंचा, कविता अपूर्ण, विषय संपला," असं म्हणून त्याने मला पुठ्ठ्याच्या आडोशाकडे पिटाळलं.

दादा, त्या आडोशामागे मी किती वेळ उभा होतो मला ठाऊक नाही. बाहेरून अधिकारी दोनदा खोकला म्हणजे बराच वेळ असावा. समोर कागद. वर छत्री, खाली किटली. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा होतो आणि कोणी "अहो" म्हणत नव्हतं. लेकीची उजेडाची खोली डोळ्यांसमोर आली. मग हिचा तो काळ आठवला. पट्टी बदलताना ही दातांत पदराचं टोक धरायची आणि नर्सबाई मला म्हणायच्या, "आजोबा, तुम्ही बाहेर उभे राहून कविता म्हणा, यांचं लक्ष तिकडे जाईल." मी दाराबाहेर उभा राहून म्हणायचो. माझ्या कविता कोणाच्या तरी उपयोगी पडल्या त्या तेवढ्याच. मी शिक्का उचलला आणि किटलीवर मारला. असा मारला की टेबल हललं आणि बाहेर कोणीतरी "सावकाश" म्हणालं.

मग घरी. हिने दारातच मफलर सोडला, दोन्ही कान उजेडाकडे वळवून नीट पाहिले, आणि मग विचारलं, "कोणाला?" मी म्हणालो, "किटली." कान पांढरेफटक. ती समाधानाने आत गेली. अर्ध्या तासात व्याही आले. मी घाईघाईने मफलर शोधायला लागलो, पण त्यांनी मला काही विचारलंच नाही! येऊन मिठीच मारली. (या माणसाने लग्नातसुद्धा मला मिठी मारली नव्हती, नुसता खांदा दाबला होता, नळासारखा.) म्हणाले, "सगळ्या गावात चर्चा आहे. तुम्ही भर केंद्रात छत्रीची कविता सुरू केलीत! एवढी हिंमत आमच्या सख्ख्या भावाने नसती केली." मी म्हणालो, "सुरुवात मी केली, हे खरं." खरं होतं ना ते? कानांना काही आक्षेप नव्हता.

निकाल लागला. नर्सबाई निवडून आल्या, चांगल्या भरघोस. संध्याकाळी भीत भीतच आम्ही दोघं लेकीच्या घरी गेलो. मला वाटलं, तिथे चूल थंड असेल. तर दादा, व्याही अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पाय लांब करून, आणि इतके मोकळे दिसत होते की मी आधी ओळखलंच नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नका, पण बरं झालं. मला तर भाषण करायचं म्हटलं की पोटात कळ येते. मेव्हण्यांनी घोड्यावर बसवलं हो. आता दुकान बरं आणि मी बरा." आणि मग लेकीला हाक मारून म्हणाले, "ती वरची खोली आता रिकामी कर बाई. त्या छत्र्या माझ्या नजरेसमोर नकोत." दादा, लेक जिन्यावरून वर धावली ती लहानपणी सुट्टी लागल्यावर धावायची तशी. आता त्या सगळ्या निशाणांच्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, हा तिच्या वर्गाचा पहिला धडा ठरलाय. नर्सबाईंनी त्यातल्या पिशव्या दवाखान्यासाठी मागितल्यात. मोठी छत्री मात्र अजून दारातून बाहेर निघत नाही. तिच्याखाली टेबल मांडायचं ठरलंय.

तर असं सगळं सुरळीत झालं. मला दोन दिवस झोप इतकी छान लागतेय की हिला वाटतं मी आजारी आहे. वहिनींची काळजी घे, स्वतःची वहिनींना घेऊ दे. या पत्रातलं अर्धं तू विसरशील हे मला ठाऊक आहे. कृपा करून छत्रीचं अर्धं विसरू नकोस.

तुझा धाकटा,
(रांगेतला शेवटून दुसरा)

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. शेवटच्या ओळीवरून गावात दोन तट पडलेत. टपालवाला आणि चष्मेवाला एकमेकांशी बोलत नाहीत. दोन वेण्या मात्र दोघांशी भांडते. कोणीतरी सांगितलं की ओळ तुझी होती, तेव्हा व्याही तुला पत्र घालणार आहेत, आणि तो मतदान अधिकारीसुद्धा. (तो माझ्याकडून तुझा पत्ता घेऊन गेला. म्हणाला, "मला झोप येत नाही आजोबा, शेवटी आजोबांनी काय केलं?") हात जोडून विनंती, कोणालाच उत्तर लिहू नकोस. ओळ आपल्या बाजूची आहे असं सध्या सगळ्यांनाच वाटतंय, आणि त्यात सगळे खुशीत आहेत.

आणखी एक : काल तुझी भावजय डाळ निवडता निवडता सहज म्हणाली, "मी छत्रीला दिलं होतं." मी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, "किटली निवडून येणारच होती, तिला माझ्या एकीने काय फरक पडतो? पण व्याह्यांना अगदीच कमी मतं पडून ते खट्टू झाले असते, तर लेकीची खोली गेली असती." मी म्हणालो, "आणि ती जखम?" म्हणाली, "ती तुम्ही बघाल याची खात्री होती. म्हणून तर किटली किटली म्हणत पाठवलं." म्हणजे आमच्या दोघांची मतं एकमेकांना खाऊन बसली. घराबाहेर न पडता डाळ निवडत बसलो असतो तरी निकाल तोच होता. पण मग कविता झाली नसती.

शेवटचं : दादा, अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा मी मान आडवी हलवली, पण मफलरच्या आत दोन्ही कान पेटले होते (मानेचा तो शोध तिथेच फसला). मला ती ओळ येते. तू माझ्यामागे उभा राहून वर्षभर माझ्या मानेवर म्हणायचास, कशी नाही येणार? त्यात छत्री ठेवण्याचंही नाही आणि फेकण्याचंही नाही. पण ती माझी ओळ नव्हती, आणि तो मास्तरांचा वर्ग होता. येत्या महिन्यात लेकीची खोली सुरू होईल. रांगेतले सगळे त्या मोठ्या छत्रीखाली भिंतीकडेला उभे राहणार आहेत, गोटीची मुलगीसुद्धा. माझ्यामागची जागा मोकळी ठेवायला सांगितलीय. तेव्हा खोकला, प्रवास, गुडघे, सगळ्या सबबी तिकडेच ठेव आणि ये. दारात मी विचारीन, आजोबांनी काय करावे? मग तू तुझं ते म्हण, आणि म्हणशील तसंच कर:

हसत हसत मग घरी शिरावे.

(लिहिली खरी मी. बाकावर उभा राहून वाट बघतोय.)